जुनी वास्तू नव्या कामाला लावताना

जुनी इमारत ताब्यात आली की पहिल्याच आठवड्यात हात शिवशिवायला लागतात. सुटलेला गिलावा खरवडावा, रंगाचे पापुद्रे काढावेत, मोडक्या खिडक्या उपटाव्यात असं वाटतं. 'निदान साफसफाई तरी सुरू करू' म्हणून माणसं लावली जातात आणि जे पुन्हा कधीच मिळणार नाही ते राड्यारोड्याच्या पहिल्या खेपेत निघून जातं. म्हणून या कामात नव्याने येणाऱ्याला माझं पहिलं सांगणं ठरलेलं आहे: पहिला महिना पहार आणि घण दाराबाहेर ठेवा. आत न्यायचं ते वही, टेप, बॅटरी, ओळंबा आणि कॅमेरा.

हा लेख अशा माणसासाठी आहे, ज्याच्या हाती चुन्यात बांधलेल्या जाड भिंतींची, लाकडी तुळयांची, शंभर-दीडशे वर्षांची किंवा त्याहून जुनी इमारत आली आहे आणि तिथे त्याला वाचनालय, कार्यालय, कलादालन, दवाखाना किंवा राहती घरं करायची आहेत. तुम्ही मालक असाल, विश्वस्त असाल किंवा नुकतेच शिकून बाहेर पडलेले अभियंते असाल. पायऱ्या मुद्दाम क्रमाने दिल्या आहेत, कारण या कामातल्या बऱ्याच महागड्या चुका क्रम चुकल्यामुळे होतात. तडा का गेला हे कळण्याआधी तो बुजवला जातो, ओल कुठून येते ते शोधण्याआधी भिंत रंगवली जाते आणि वापर कोणता हे ठरवून झाल्यावर इमारत मोजायला घेतात.

एक गोष्ट सुरुवातीलाच उरकून टाका. इमारत वारसा यादीत आहे का, असल्यास कोणत्या दर्जाची, आणि आतल्या बदलांनाही परवानगी लागते का, हे लेखी विचारून घ्या. तोंडी उत्तरावर विसंबू नका. यादीत नसली तरी पुढचं सगळं तितकंच लागू आहे.

१. इमारतीची ओळख करून घ्या

आधी सगळी इमारत मोजा. प्रत्येक खोलीच्या चारही बाजू मोजल्या तरी पुरत नाही, कर्णही मोजा. जुन्या खोल्या क्वचितच काटकोनात असतात आणि कर्ण मोजला नाही तर कागदावरचा नकाशा कुठेतरी जुळेनासा होतो. भिंतींची जाडी प्रत्येक दारा-खिडकीपाशी घ्या. एखाद्या ठिकाणी भिंत अचानक जाड निघाली तर तिच्यात बुजवलेलं दार, धुराडं किंवा नंतर जोडलेली दुसरी भिंत असू शकते.

परवडत असेल तर लेझर स्कॅनिंग करून घ्या. पॅरिसच्या नोत्र दामचं छप्पर १५ एप्रिल २०१९ च्या आगीत जळालं. कलेतिहासाचे अभ्यासक अँड्र्यू टॅलन यांनी त्याच्या काही वर्षं आधी त्या कॅथेड्रलचं लेझर स्कॅनिंग करून ठेवलं होतं. ते स्वतः आगीआधीच वारले होते, पण त्यांची मोजमापं पुनर्बांधणीच्या कामी आली. कॅथेड्रल डिसेंबर २०२४ मध्ये पुन्हा उघडलं. आपली इमारत एवढी थोर नसेल, पण नोंद झाली नाही तर तिचंही जे गेलं ते गेलंच. स्कॅनिंग परवडत नसेल तर प्रत्येक भिंतीचा समोरून, शेजारी मोजपट्टी धरून फोटो काढा आणि फोटोंना खोलीनिहाय क्रमांक द्या.

मग कागदपत्रं बघा: जुने नकाशे, खरेदीखतं, कौटुंबिक फोटो, दुरुस्तीची बिलं. इमारतीत वावरलेली म्हातारी माणसं भेटली तर त्यांना नुसतं 'सांगा' म्हणू नका, इमारतीत घेऊन या. खुर्चीत बसून जे आठवत नाही ते जिन्यात उभं राहिल्यावर आठवतं.

रंगाचा इतिहासही याच टप्प्यावर वाचून घ्या. दाराच्या चौकटीआडच्या कोपऱ्यात, जिथे फारसा हात लागलेला नाही अशा जागी, धारदार ब्लेडने दोन बोटं रुंदीच्या चौकोनात एकेक थर हलक्या हाताने उघडत जा. वर पिवळट तैलरंग, त्याखाली हिरवा, त्याखाली चुन्याचे पाच-सहा हात आणि अगदी तळाशी एखादी गेरूची रेघ किंवा वेलबुट्टीचा तुकडा. हा चौकोन कधीही बुजवू नका. पुढे रंग ठरवताना वाद होतात तेव्हा हाच साक्षीदार कामी येतो. मात्र जुन्या तैलरंगात शिसं असू शकतं, म्हणून तोंडाला चांगला मास्क लावा आणि कोरडं घासू नका. जुन्या पत्र्यांत आणि नळांभोवतीच्या वेष्टनात अॅस्बेस्टॉस असण्याचीही शक्यता असते. शंका आली तर हात न लावता तपासणी करून घ्या.

या सगळ्यातून शेवटी एकच पान लिहायचं आहे: या इमारतीत मोलाचं काय आहे? उत्तर दर वेळी दर्शनी भागच असेल असं नाही. कधी ते जिन्यात असतं, कधी चौकातून आत येणाऱ्या उजेडात, तर कधी खोलीमागून खोली उघडत जाण्याच्या क्रमात. हे पान नीट लिहून झालं की पुढचे निम्मे निर्णय सोपे होतात, कारण काय हलवायचं नाही हे ठरलेलं असतं.

२. पाण्याचा माग काढा

जुनी इमारत बिघडण्याची पाच कारणं सांगा असं कुणी विचारलं तर मी पहिल्या चार जागी पाणी लिहीन.

साधा हिशेब करू. एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होतं. छप्पर शंभर चौरस मीटर असेल आणि एका जोरदार सरीत पन्नास मिलिमीटर पाऊस झाला तर पाच हजार लिटर पाणी पन्हळीतून खाली उतरायला हवं. पन्हळीत एक कबुतराचं घरटं असलं, किंवा ती मधेच एक बोट झुकलेली असली, तर त्यातलं शेकडो लिटर पाणी भिंतीवर जातं. आणि हे दर पावसात घडतं.

एका वाचनकक्षाच्या भिंतीवर छातीच्या उंचीला मोठा ओला डाग होता. दोन वेळा गिलावा काढून वॉटरप्रूफिंगचं मिश्रण लावून झालं होतं आणि दोन्ही वेळा डाग आणखी वर सरकला होता. जमिनीतून ओल चढते म्हणून जोत्याभोवती चर खणण्याचा बेत चालला होता. मी पाऊस सुरू व्हायची वाट पाहिली आणि छत्री घेऊन भिंतीबाहेर अर्धा तास उभा राहिलो. पावसाच्या पाण्याच्या बिडाच्या नळाला एक सांधा होता. त्याची चीर भिंतीच्या बाजूला असल्याने समोरून दिसत नव्हती, पण जोराचा पाऊस आला की तिथून बारीक धार थेट भिंतीवर पडत होती. नळाचा एक तुकडा बदलला, आतला सिमेंटचा थर उतरवला आणि भिंत उघडी सोडली. ती वाळायला वर्षाच्या वर लागलं. जाड भिंती अशाच सावकाश वाळतात, त्यात घाई चालत नाही.

तुम्हीही आधी ओलीचा आकार बघा. जमिनीपासून गुडघ्या-कंबरेपर्यंत आडव्या पट्ट्यासारखी ओल असेल तर बाहेरची जमीन तपासा. रस्ता आणि अंगण दर दुरुस्तीत थोडं थोडं वर येत राहतं आणि एक दिवस बाहेरची फरशी आतल्या जमिनीच्या वर गेलेली असते. अशा वेळी बाहेरची माती उतरवणं हाच पहिला उपाय. कोपऱ्यात उभा पट्टा असेल तर नळ बघा. छताजवळ डाग असेल तर पन्हळ, कौल किंवा भिंत आणि छप्पर यांचा सांधा. थंडीत कोपऱ्यात आणि कपाटामागे काळी बुरशी येत असेल तर ते बहुधा आतल्याच हवेतलं बाष्प आहे आणि त्याला वारा हवा. ओल मोजायच्या विजेच्या यंत्रावर डोळे झाकून विश्वास ठेवू नका. भिंतीत क्षार साठले असतील तर वाळलेली भिंतही ते ओली दाखवतं.

पाण्याचा बंदोबस्त झाल्याशिवाय पुढे जाऊ नका. पन्हळी साफ, नळ धड, छप्पर निदान ताडपत्रीने तरी झाकलेलं, एवढं झालं की इमारत तुम्हाला विचार करायला वेळ देते.

३. तड्यांकडे वर्षभर बघा

तडा दिसला की पोटात गोळा येतो, पण बरेचसे तडे जुने आणि स्थिरावलेले असतात. धोका हलत्या तड्याचा. तो ओळखायला तड्याच्या दोन्ही टोकांशी पेन्सिलीने आडवी रेघ मारून शेजारी तारीख लिहा. तड्याच्या दोन्ही बाजूंना एकेक स्क्रू बसवा आणि दोन्हींमधलं अंतर व्हर्नियर कॅलिपरने महिन्यातून एकदा मोजा. उन्हाळा, पावसाळा, हिवाळा असं एक पूर्ण चक्र होऊ द्या. ऋतूप्रमाणे उघडतो-मिटतो आणि परत मूळ जागी येतो तो तडा फारसा घाबरवणारा नाही. दर महिन्याला एकाच दिशेने वाढतो त्याच्यासाठी जुन्या बांधकामाचा अनुभव असलेला स्ट्रक्चरल इंजिनिअर बोलवा. 'जुन्या बांधकामाचा अनुभव' ही अट सोडू नका. फक्त आरसीसीची सवय असलेला माणूस चुन्याच्या भिंतीला आरसीसीचेच नियम लावतो आणि सगळं पाडून नवं करा म्हणतो.

पिसाच्या मनोऱ्याचं उदाहरण मला इथे फार मोलाचं वाटतं. १९९० मध्ये तो लोकांसाठी बंद केला गेला. पुष्कळ वर्षं मोजमापं झाली, तात्पुरता आधार म्हणून शिशाची वजनं ठेवून पाहिली आणि शेवटी झुकलेल्या बाजूच्या समोरच्या बाजूने पायाखालची माती थोडी थोडी काढण्यात आली. मनोरा सुमारे चाळीस सेंटिमीटरहून अधिक मागे आला आणि २००१ च्या डिसेंबरात पुन्हा उघडला. एवढं नाजूक काम शक्य झालं ते आधीच्या मोजमापांमुळे.

४. वापर ठरवा, पण इमारतीला विचारून

माझं सगळ्यात ठाम मत याच पायरीबद्दल आहे. वापर आधी ठरवून इमारत त्यात कोंबायची नसते. इमारतीत काय आहे ते बघून तिला झेपेल आणि शोभेल असा वापर शोधायचा असतो. रिकामी जपलेली इमारत फार दिवस जपली जात नाही. जुन्या वास्तूंच्या जतनाची तत्त्वं सांगणाऱ्या १९६४ च्या व्हेनिस सनदेनेही समाजोपयोगी वापराने जतन सोपं होतं असं म्हटलं आहे, मात्र त्यापायी इमारतीची रचना आणि सजावट बदलता कामा नये ही अटही त्याच कलमात आहे.

लंडनचं टेट मॉडर्न हे कलादालन घ्या. बँकसाइडचं ते वीजनिर्मिती केंद्र १९८१ मध्ये बंद पडलं. आर्किटेक्ट हर्झोग आणि द म्यूरॉन यांनी तिथला टर्बाइनचा पस्तीस मीटर उंच हॉल मजले घालून भरून टाकला नाही, तो मोकळाच ठेवला. २००० मध्ये कलादालन उघडल्यावर त्याच हॉलमुळे ते ओळखलं जाऊ लागलं. चौरस फुटांचा हिशेब करणाऱ्याने त्या पोकळीत सहज सहा-सात मजले बसवले असते. पॅरिसचं ओर्से हे १९०० च्या जागतिक प्रदर्शनासाठी बांधलेलं रेल्वे स्थानक होतं. गाड्या लांब झाल्या, फलाट अपुरे पडले आणि १९३९ पर्यंत लांब पल्ल्याची वाहतूक तिथून उठली. १९८६ मध्ये तिथे संग्रहालय झालं आणि स्थानकाच्या काचेच्या छतातून येणारा उजेड शिल्पांना मिळाला. दोन्ही ठिकाणी इमारतीकडे आधीच जे होतं तेच नव्या वापराच्या कामी आलं.

तुमच्या इमारतीसाठी निदान तीन वापर कागदावर मांडा आणि प्रत्येकाला पुढचे प्रश्न विचारा.

तुळया भार पेलतील का? राहत्या घरासाठी दर चौरस मीटरला साधारण दोनशे किलो भार धरतात. माणसांची गर्दी होणाऱ्या सभागृहासाठी पाचशेच्या आसपास, आणि पुस्तकांच्या घोड्यांच्या (रॅकच्या) खोलीसाठी सहाशे किंवा त्याहून जास्त. म्हणजे घर म्हणून बांधलेल्या वरच्या मजल्यावर ग्रंथालय न्यायचं असेल तर तुळयांवर तिप्पट भार येणार. मग पुस्तकं तळमजल्यावर आणि वाचक वर, असं उलटून पाहा. इमारत न बदलता प्रश्न सुटतो.

आग लागली तर बाहेर पडायला दुसरी वाट आहे का? एकच लाकडी जिना असेल तर वर शंभर माणसं जमवणारा वापर तिथेच बाद होतो. उजेड आणि वारा पुरतो का? सगळीकडे वातानुकूलन लागेल असा वापर जुन्या इमारतीला बहुधा मानवत नाही. पाणी आणि सांडपाणी किती लागेल? प्रत्येक खोलीला न्हाणीघर हवं असलेल्या हॉटेलपेक्षा एकाच जागी स्वच्छतागृहं पुरणारं कार्यालय जुन्या लाकडी मजल्यांना कितीतरी कमी त्रास देतं.

तीनही वापरांत भिंती पाडाव्या लागत असतील तर चौथा शोधा.

५. किती करायचं, कुठे थांबायचं

या प्रश्नावर एकोणिसाव्या शतकात दोन टोकाच्या बाजू होत्या. फ्रान्समध्ये वास्तुविशारद व्हिओले-ल-द्यूक यांचं म्हणणं, इमारत अशा पूर्ण रूपात आणावी जे कदाचित पूर्वी कधी अस्तित्वातही नव्हतं. इंग्लंडमध्ये कवी आणि कारागीर विल्यम मॉरिस यांनी १८७७ मध्ये जुन्या इमारतींच्या रक्षणासाठी संस्था काढली ती याच्या विरोधात: काळाने चढवलेले थर खरवडू नका, वेळच्या वेळी डागडुजी करा. आजचा व्यवहार मॉरिस यांच्या बाजूला झुकलेला आहे. अंदाज बांधावा लागला की जीर्णोद्धार थांबला पाहिजे, असं व्हेनिस सनद सांगते. ऑस्ट्रेलियातल्या बुरा या गावी १९७९ मध्ये ठरलेल्या जतनाच्या सनदेचं सूत्र मी नव्या माणसांना भिंतीवर लिहून ठेवायला सांगतो: गरज असेल तेवढं करा, पण शक्य तितकं कमी करा.

साइटवर याचा अर्थ असा. आधी बघायचं, की आहे तसं ठेवून फक्त देखभाल पुरेल का. नाही पुरली तर दुरुस्ती. दुरुस्तीने भागत नसेल तर तेवढाच कुजलेला तुकडा बदलायचा. पूर्ण दार किंवा तुळई बदलणं हा शेवटचा उपाय. खिडकीचा खालचा आडवा तुकडा कुजला म्हणून अख्खी खिडकी फेकून देतात तेव्हा जुनं, घट्ट रेषेचं, आता सहज न मिळणारं लाकूड आपण जाळायला देतो.

आणि जे गेलंच आहे त्याचं काय? बर्लिनचं नॉयेस म्यूझियम दुसऱ्या महायुद्धाच्या बाँबवर्षावात उद्ध्वस्त झालं आणि अनेक दशकं तसंच पडून होतं. आर्किटेक्ट डेव्हिड चिपरफिल्ड यांनी केलेल्या कामानंतर ते २००९ मध्ये उघडलं. तिथला मधला भव्य जिना पुन्हा उभा केला तो जुन्या आकारातच, पण नक्षीशिवाय आणि नव्या काँक्रीटमध्ये. जळक्या भिंतींवरचे रंगाचे अवशेष होते तसे राखले. पाहणाऱ्याला जुनं कुठलं आणि नवं कुठलं हे कळतं, तरी खोली तुटक वाटत नाही. नवा भाग जुन्याच्या सुरात असावा, पण जुना असल्याची बतावणी त्याने करू नये.

६. चुन्याच्या भिंतीला चुनाच

जुनी जाड भिंत पावसात थोडी भिजते आणि नंतर वाळते. वाळताना पाणी सगळ्यात मऊ आणि सच्छिद्र जागेतून बाहेर पडतं. ती जागा म्हणजे चुन्याच्या दरजा, म्हणजे विटांमधले चुन्याने भरलेले सांधे. पाण्याबरोबर आलेले क्षारही तिथेच स्फटिक होऊन बसतात, दर्ज झिजते आणि पन्नास-शंभर वर्षांनी ती पुन्हा भरायची असते. म्हणजे झिजणं हेच दर्जेचं काम आहे, वीट वाचावी म्हणून.

आता तिथे सिमेंट भरलं तर काय होतं? सिमेंट विटेपेक्षा कठीण आणि कमी सच्छिद्र. पाण्याला बाहेर पडायला विटेखेरीज वाट राहत नाही. क्षार विटेत साठतात आणि विटेचा दर्शनी भाग पापुद्र्यासारखा सुटतो. काही वर्षांनी सिमेंटच्या दरजांची कडक जाळी उरते आणि मधल्या विटा आत गेलेल्या दिसतात. अशी भिंत तुम्ही नक्की पाहिली असेल. प्लास्टिक रंग, सिलिकॉनचे लेप, पाणीरोधक गिलावे यांचंही तेच: ओल आत कोंडली जाते.

चुना म्हणजे चुनखडी साधारण नऊशे अंश सेल्सिअसला भाजून काढलेली कळी. पाणी घातलं की ती उसळते, तापते आणि विरते. डोळ्यांना गॉगल आणि हातांना मोजे नसताना त्याच्या आसपासही जाऊ नका, उडालेला थेंब डोळा घालवू शकतो. विरलेला चुना मुरवून, वाळूत नीट मळून वापरला की तो हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत बाहेरून आत सावकाश पुन्हा चुनखडी होतो. या सावकाशपणाला सांभाळून घेणं हीच खरी कारागिरी.

दर्ज भरायची रीत सांगतो. जुना सुटलेला माल हाताने, छिन्नी आणि लाकडी हातोडीने काढा. ग्राइंडर लावू नका, तो विटेची कड घेतोच. दर्ज तिच्या रुंदीच्या निदान दुप्पट खोल मोकळी करा. धूळ ब्रशने झटका, मग पाणी शिंपडा आणि भिंत ते पाणी पिईपर्यंत थांबा. पुन्हा शिंपडा. वरचं पाणी चमकेनासं झालं पण हात लावल्यावर गार लागतं, तीच वेळ. चुन्याचा माल घट्ट हवा, मुठीत दाबला तर गोळा राहावा, बोटांना चिकटू नये. बारीक पट्टीने दर्जेत दाबत जा, विटेच्या कडेच्या किंचित आत ठेवा, विटेवर पसरू देऊ नका. काही तासांनी माल आवळला की ताठ ब्रशच्या टोकाने हलके ठोके द्या. त्याने पृष्ठभाग उघडा राहतो आणि बारीक चिरा मिटतात. मग ओलं गोणपाट टांगा आणि निदान आठवडाभर ते ओलं ठेवा. कडक उन्हात आणि पाच अंशांखालच्या थंडीत हे काम काढू नका.

पूर्ण भिंत काढण्याआधी मागच्या बाजूला एक चौरस मीटरचा नमुना करून बघा. दोन-तीन प्रकारची वाळू वापरून पाहा, कारण दर्जेचा रंग वाळूवर असतो. नमुना वाळल्यावर, सकाळच्या आणि दुपारच्या उजेडात बघून मगच ठरवा. आणि कुणी उच्च दाबाने वाळू मारून विटा 'नव्यासारख्या' करून देतो म्हणाला तर त्याला नम्रपणे नकार द्या. भट्टीत भाजताना विटेला आलेली कठीण त्वचा त्यात निघून जाते आणि आतला भुसभुशीत भाग पावसाला उघडा पडतो.

दगडात लोखंड बसवतानाही तसंच सांभाळा. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या दशकांत अथेन्सच्या पार्थेनॉन मंदिराच्या दुरुस्तीत दगड सांधणाऱ्या लोखंडी पकडी घातल्या गेल्या. त्या गंजल्या, फुगल्या आणि संगमरवर फुटू लागला. प्राचीन कारागिरांनी आपल्या पकडींवर शिसं ओतलं होतं, नव्या दुरुस्तीत ते सुटलं. आता तिथे टायटॅनियम वापरतात. तुमच्या इमारतीत निदान स्टेनलेस स्टील वापरा.

७. लाकूड

लाकडाचं थोडक्यात. त्यातलं पाणी वीस टक्क्यांच्या वर गेलं की कुजवणाऱ्या बुरशीला वाव मिळतो, म्हणून तुळईची टोकं आधी बघा, जिथे ती भिंतीत शिरतात. पातळ स्क्रू-ड्रायव्हरने टोचून पाहा. सहज आत गेला तर कूज आहे. टोक कुजलं असेल तर तेवढंच कापून त्याच जातीच्या वाळलेल्या लाकडाचा तुकडा जोड देऊन बसवता येतो, आणि चांगला सुतार ते उत्तम करतो. नवं टोक भिंतीत बसवताना त्याच्याभोवती हवा खेळायला बोटभर जागा सोडा. वाळवी जिवंत आहे की जुनीच खूण आहे, हे ठरवल्याशिवाय औषधाचे पिंप ओतू नका.

८. वायर, नळ, लिफ्ट आणि आग

नव्या वापराचं खरं ओझं इथे येतं. नियम एक: जे नवं येईल ते पुढे कधी तरी काढता आलं पाहिजे. वायर भिंतीत खाचा पाडून नेऊ नका. जमिनीच्या फळ्यांखालून, जुन्या धुराड्यांतून, छताच्या लाकडी पटईमागून वाट काढा किंवा सरळ भिंतीवर नीटनेटकी उघडी वायरिंग करा. सगळी ओली कामं, म्हणजे स्वच्छतागृहं आणि स्वयंपाकाची जागा, एकावर एक अशा एकाच उभ्या पट्ट्यात घ्या. गळती झाली तरी एकाच जागी होईल आणि दिसेल. लिफ्टसाठी मजले कापण्यापेक्षा मागच्या बाजूला वेगळा, स्वतःच्या पायांवर उभा मनोरा बांधणं पुष्कळदा सोयीचं पडतं. चाकाची खुर्ची आत यायलाच हवी. उतार एकास बारापेक्षा तीव्र नको आणि तो मुख्य दारानेच असेल असं बघा. मागच्या दाराने या, असं कुणाला सांगायची वेळ येऊ नये.

आगीची भीती इमारत वापरात आल्यावर असते तितकीच, किंबहुना जास्त, काम चालू असताना असते. ग्लासगो स्कूल ऑफ आर्टची मॅकिंटॉश इमारत २०१४ मध्ये जळाली. तिची दुरुस्ती चालू असतानाच २०१८ मध्ये पुन्हा आग लागली आणि ती पहिलीपेक्षा कितीतरी भयंकर होती. तुमच्या साइटवर वेल्डिंग, ब्लो-लॅम्प, कटर यांसाठी रोजची लेखी परवानगी ठेवा. अशी कामं सुट्टीच्या दोन तास आधी बंद करा, त्यानंतर त्या जागी एक माणूस नुसता बघत बसवा. संध्याकाळी मुख्य वीज बंद करा, भुसा आणि चिंध्या त्याच दिवशी बाहेर काढा.

९. माणसं आणि पैसे

सगळ्यात कमी बोलीचं टेंडर या कामात सहसा महाग पडतं. गवंडी आणि सुतार निवडताना त्यांनी पाच-दहा वर्षांपूर्वी केलेलं काम पाहायला जा, कालचं नाही. चुन्याचं खरं रूप काही पावसाळे गेल्यावरच दिसतं. अंदाजपत्रकात पंधरा ते वीस टक्के रक्कम अनपेक्षित गोष्टींसाठी बाजूला ठेवा, कारण पटई उघडल्यावर काय निघेल ते कुणालाच माहीत नसतं. ही रक्कम दिव्यांवर आणि फर्निचरवर आधीच खर्च करू नका. काम टप्प्यांत करायचं असेल तर छप्पर आणि पाणी पहिल्या टप्प्यात, सजावट शेवटच्या.

१०. दार उघडल्यानंतर

उद्घाटनाच्या दिवशी इमारतीची एक वही सुरू करा. कुठे कोणता चुना आणि कोणत्या प्रमाणात वापरला, वाळू कुठली, रंग कोणता, बंद करायचे व्हॉल्व्ह कुठे आहेत, कोणत्या भिंतीआड वायर गेली आहे, हे सगळं तिच्यात यावं. काम चालू असताना काढलेले फोटो तिलाच जोडा, म्हणजे गिलाव्याआड काय आहे ते पुढच्या माणसाला भिंत न फोडता कळेल. तड्यांच्या पेन्सिल-रेघा पुसू नका, मोजणं चालू ठेवा.

वर्षाचं वेळापत्रक छोटंच असतं. पावसाआधी पन्हळी आणि नळ साफ, सरकलेली कौलं जागेवर. पाऊस संपल्यावर छपराखालच्या लाकडांची पाहणी आणि तुळयांची टोकं. दर पाच वर्षांनी एका जाणत्या माणसाकडून सगळ्या इमारतीची तपासणी, लेखी. ही जबाबदारी कुण्या एकाच्या नावावर हवी, समितीच्या नाही.

आणि पहिला मोठा पाऊस आला की घरी बसू नका. बॅटरी घेऊन माळ्यावर चढा. कौलांच्या खालच्या बाजूने उजेड फिरवा, कुठे थेंब चमकतो का ते बघा, तुळईवर हात फिरवा. मग खाली उतरून छत्री घेऊन इमारतीभोवती एक फेरी मारा आणि प्रत्येक नळाच्या तळाशी थांबून पाणी कुठे जातंय ते पाहा. जे दिसलं ते त्याच रात्री वहीत लिहा, तारखेसह.